पायथन टाकायला निलंग्याला

मी लातूरला कॉम्प्युटर शिकवते. हे माहेरी, सासरी आणि गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तोच माझ्या डोक्याला ताप आहे. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणी पासवर्ड विसरला, की फोन मला. डॉक्टरला निदान दवाखान्याचं शटर तरी ओढता येतं.

त्या रविवारी कुठं जरा पाठ टेकली होती, तर दादाचा फोन. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निलंग्याला असतो, ऊस बघतो. "तुझ्या वहिनीचं ते पायथन चालून न्हाई राहिलं. येऊन जा बरं." म्हटलं, फोनवर सांगते. तर म्हणाला, "फोनवर न्हाई व्हायचं. ती सकाळपासून रडून राहिली." इतक्या वर्षांत मी वहिनींना रडताना पाहिलं नव्हतं. मुकाट्यानं साडी बदलली आणि एसटी पकडली.

वहिनी लग्नाआधीच बी.एस्सी. झालेल्या. मधली सगळी वर्षं पोरं, स्वयंपाक आणि आईच्या पथ्यपाण्यात गेली. मग त्यांनी घरबसल्या एक ऑनलाइन कोर्स लावला, पायथन ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत आकडेवारीचं प्रोग्रामिंग शिकवणारा. त्यातूनच एका कंपनीचं घरून करायचं काम मिळण्याची आशा होती आणि त्याची परीक्षा त्याच दिवशी दुपारी चारला होती. समोरचा माणूस व्हिडिओवर बघणार, ह्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम चालवून दाखवायचा. मागे हेच बिघडलं म्हणून एकदा तारीख पुढं ढकलून घेतली होती. आता परत मिळणार नाही, असं कंपनीनं सरळ कळवलं होतं.

पोचले तर आई दारातच. "आलीस का माय! बस, धपाटे टाकते."

"आधी कॉम्प्युटर, आई."

"माहेराला आलीस का ड्यूटीला गं तू?"

काय सांगणार! लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. आत तीन पायथन. एक कोर्सवाल्यांनी सांगितलेला, एक कुठल्याशा व्हिडिओत बघून टाकलेला, तिसरा कुठून आला देव जाणे. कुणाचा कुणाला पत्ता नाही.

"काढून राहिले, परत टाकून राहिले, ताई," वहिनी म्हणाल्या. "माझंच कायतरी चुकत असंल." डोळे सुजलेले, पण पदर खोचून माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या.

तिन्ही काढले, एकच नवा टाकला, आणि तो कुठं ठेवलाय हे कॉम्प्युटरला नीट सांगितलं. चालला. मग पॅकेजं मागवायची. पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार सामान, एका ओळीचा हुकूम दिला की आपोआप येऊन बसतं. बसायला पाहिजे. इथं अर्ध्या वाटेत सगळं आडवं पडायचं आणि पानभर लाल ओळी. परत हुकूम, परत लाल. नेट बदललं, दादाच्या मोबाइलचं घेतलं. लाल. अँटिव्हायरस बंद केला. लाल. ही लाल बडबड वाचण्यात माझी निम्मी उमर गेली, आता तिच्याकडं बघवतसुद्धा नाही. रागानं मी वहिनींनाच म्हणून गेले, "कुठं ह्या भानगडीत पडलात तुम्ही!" त्या घड्याळाकडं बघत राहिल्या. मला माझीच लाज वाटली.

मग निमूटपणे पहिल्यापासून एकेक ओळ वाचायला घेतली. प्रत्येक ओळीत एकाच जागी प्रश्नचिन्हांची रांग होती. ती जागा लॅपटॉप वापरणाऱ्याच्या नावाची. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात नाव बघितलं: ॥ आई तुळजाभवानी प्रसन्न ॥.

"दादा, हे तू लिहिलंस?"

"हाव. दसऱ्याला आणला ना. पाटावर ठिवला, हळदकुंकू, झेंडू, सगळं केलं. चालू केला तर त्यानं नाव विचारलं. मग पहिलं नाव देवीचंच न्हाई का?"

बरोबरच होतं त्याचं. ट्रॅक्टरवर तेच, जीपवर तेच, दाराच्या चौकटीवर तेच. पण कॉम्प्युटर त्याच नावाचं फोल्डर करतो आणि सगळं त्यात ठेवत जातो. ह्यातली काही पॅकेजं लिहिणाऱ्यांनी जगात इंग्रजीशिवाय दुसरी अक्षरं असतात हे मनावरच घेतलेलं नाही. आपलं अक्षर दिसलं की त्यांचं सामान गडबडतं.

"मग काढायचं का नाव?" वहिनींनी हळूच विचारलं.

"देवीचं नाव काढायचं?" दादा उखडला. आतून आईही ओरडली, "काढू नका गं माय, सणाचं लिवलंय!"

"अरे बाबांनो, नाही काढत!" माझा आवाज चढलाच. "काढलं तरी फोल्डर तेच राहतं. देवी राहू दे तिच्या जागी. दुसरं खातं उघडू, इंग्रजी अक्षरांत."

"कुणाच्या नावानं?" दादानं विचारलं. सवयच ती. सातबारा, जीप, गॅस, सगळं त्याच्या नावावर.

"माझ्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. मी वाचलं. वहिनींचं नाव ते नव्हतंच.

"हे कुणाचं?"

"माझंच. आधीचं. डिग्रीवर हेच हाय, म्हणून कोर्सलाबी हेच दिलं."

लग्नात दादानं तांदळाच्या ताटात अंगठीनं त्यांचं नवं नाव लिहिलं होतं. आईनं निवडलेलं, घराला शोभेल असं. आम्ही पोरीपोरी वाकून वाकून बघत होतो, टाळ्या पिटत होतो. जुनं नाव पत्रिकेत वाचलंही असेल मी. लक्षात कोण ठेवतंय? दादा खाली मान घालून चार्जरची वायर सरळ करत बसला.

नव्या खात्यात सगळं पुन्हा टाकलं. पॅकेजं एकामागून एक आली आणि गुमान बसली. वहिनींनी प्रोग्राम चालवून बघितला. चालला. मला उठायचंही त्राण उरलं नव्हतं, भिंतीला टेकून तिथंच बसून राहिले. चार वाजता कॉल लागला. आई चहा घेऊन दारात आली तेवढ्यात लॅपटॉपमधून एका माणसाचा आवाज आला. त्यानं ते नाव घेतलं, पुढं मॅडम जोडलं, आणि आवाज येतोय का, असं विचारलं. मग पुन्हा तेच नाव.

आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दादाकडं. "कुणाला बोलवून राहिलाय गं तो?"

वहिनींनी मान वळवली नाही.

"मला, आत्याबाई," त्या म्हणाल्या, आणि माईक चालू केला.