47/1 आणि देवरावदादा

देवरावदादांच्या डोक्यात कुऱ्हाड बसली ती माझ्या एका ओळीमुळं.

दादा गेले त्याला आज वर्ष झालं. वर्षभर मी "स्कॅन खराब होता" असं सांगत फिरलो.

खोटं. स्कॅन स्वच्छ होता.

मी कॉलेजात शिकलो नाही. तलमडुगुला झेरॉक्सचं दुकान चालवता चालवता मोबाइलवर पाहून पायथन शिकलो. त्याचा माज होता. गावाच्या पहाणीच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याच्या, स्कॅनवरून सर्व्हे नंबर आणि मालकाचं नाव, अशी यादी काढणारा प्रोग्राम मीच लिहिला.

दादांनी मोजणीवाल्यांसोबत तीस वर्षं साखळी ओढली. शेवटच्या खुंटीला हात लावल्याशिवाय माप बोलायचे नाहीत.

"आण यादी. कागदाशी लावून पाहतो."

"दादा, मशीन चुकत नसते."

"मशीनचं नाही म्हणून राह्यलो, बापू. तू शेवटची खुंटी पाह्यली का?"

मी हसलो. यादी गावाच्या ग्रुपवर टाकली.

चूक ही. पायथनमधलं re.match फक्त सुरुवात जुळते का ते पाहतं. मी 47/1 शोधायला सांगितलं, त्याला 47/12 सुद्धा चाललं. मागून आलेलं नाव आधीच्या नावावर बसलं.

47/1 हे विठ्ठलचं वावर यादीत 47/12 वाल्या चुलतभाऊ किसनच्या नावावर गेलं.

जुन्या वाटणीत आपल्याला फसवलं असं समजून किसननं ट्रॅक्टर घातला. बोंडं धरलेली कपाशी उभी चिरडली.

"काऊन रे भाड्या, माह्या वावरात?"

"वावर माहं हाय! हे पाह्य!" त्यानं मोबाइल विठ्ठलच्या तोंडापुढं धरला.

विठ्ठलनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोबाइल फोडला, बोटांसकट. किसननं ट्रॅक्टरचा पाना त्याच्या जबड्यावर हाणला. दात मातीत पडले.

दादा मूळ पहाणी घेऊन धावले. "थांबा! यादी चुकली हाय!"

विठ्ठलचा घाव किसनवर उगारलेला होता, बसला मध्ये आलेल्या दादांना.

तो कागद मी पाहिला. 47/1 पुढं विठ्ठलचं नाव नीट वाचता येत होतं. बाकी सगळं रक्त.

विठ्ठल आत आहे. किसन बेल्लमपल्लीला निघून गेला. गाव त्याला अजून लबाड म्हणतं.

तो लबाड नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

आता त्या ओळीत re.fullmatch आहे. सुरुवातही जुळली पाहिजे, शेवटही. चार अक्षरं वाढवावी लागली.

या पोस्टमध्ये किसनला टॅग केलंय. उद्या हेच चावडीवर उभं राहून सांगणार.

दादा, मी खुंटी पाह्यली नव्हती.

तुमाले अखेरचा जय भीम.