सुमनच्या लग्नाचे जळण

पाटलाने माझ्यापुढे कुऱ्हाड फेकली. "एवढा जीव हाय ना रं तिच्यावर? मंग लाग तिच्या लग्नाच्या कामाला. जळण फोड."

मांडवातली माणसे हसली. आचारी म्हणाला, "पाटील, शाळा शिकून राह्यलाय त्यो. आधी लाकडाला धडा वाचून दाखविल." माणसे पुन्हा हसली.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोळा वर्षांचा होतो.

पाटलाची मुलगी सुमन आणि मी एकाच वाटेने टेंभुर्णीच्या शाळेत जात असू. प्रेम हा शब्द आम्ही कधी उच्चारला नाही. ओढ्याच्या काठी माझ्या फडक्यातली भाकरी तिने मोडून खाल्ली, हे तिच्या चुलत्याने पाहिले. तेवढा गुन्हा पुरला. तिची शाळा बंद झाली. मंठ्याच्या एका बिजवराशी लग्न ठरले.

लग्नघरचे जळण फोडणे ही पूर्वी आमच्या लोकांची गावकी होती. मोबदला म्हणून उष्ट्याची पाटी मिळे. धम्म घेतला, तेव्हा वस्तीने हे काम सोडले. पाटलाला ते पुन्हा सुरू करायचे होते, आणि सुरुवात माझ्यापासून करायची होती. माझे वडील त्याच्याकडे सालाने होते. मी कुऱ्हाड उचलली. बाभळीचा पहिला ओंडका फोडला.

तेव्हा सुमन बाहेर आली. हळद लागलेली नवरी एकटी उंबरा ओलांडत नाही. तिने ओलांडला. अंग पिवळे, पाय अनवाणी.

"ठिव ती कुऱ्हाड," ती म्हणाली. "तू कोणाचा गडी न्हाईस."

पाटलाने तिच्या तोंडात मारली. त्याचा तळवा पिवळा झाला. तो त्याने धोतराला पुसला. बायकांनी तिला ओढत आत नेले.

मी कुऱ्हाड खाली ठेवली. "न्हाई फोडणार."

"मंग तुझा बाप फोडंल."

वडील मांडवाबाहेर पाहुण्यांचे बैल बांधत होते. पाटलासमोर त्यांनी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"बाप बी न्हाई फोडणार, पाटील. ते काम आमी सोडलं."

आता कोणी हसले नाही.

त्याच दिवशी वडिलांचे काम सुटले. गावात आम्हाला कोणी मजुरीवर घेईना. जालन्याला, मस्तगडात, हमाली करून आम्ही जगलो. सुमनला पाटलाने पुन्हा माहेरी पाऊल ठेवू दिले नाही. पहिल्या बाळंतपणात ती मंठ्यातच गेली.

पुढे पाटील मेला. सरणाची लाकडे फोडायला माणसे पाठवा, असा वस्तीत निरोप आला. मी त्या वेळी गावी होतो. एकाही घराला कुऱ्हाड उचलू दिली नाही. शेवटी त्याच्या मुलांनी लाकडे फोडली. बांधावर उभा राहून मी पाहिले. त्यांचे तळहात सोलले. मला बरे वाटले.

थोरला मुलगा जवळ आला. "भाऊ, झालं गेलं इसरा आता. आमच्या बापाच्या वतीनं माफी मागतो."

"त्यानं सुमनची मागितली होती?"

तो सरणाकडे परत गेला.

मी माफी दिली नाही. देणारही नाही. त्या घराने काय केले, हे मी वस्तीतल्या प्रत्येक मुलाला नावानिशी सांगतो. मी गेल्यावर ती मुले सांगतील. विसरण्याची सवलत त्या घराला मिळणार नाही.