अण्णांचा कान

सत्यासारखं पवित्र काही नाही, असं मी आयुष्यभर व्यासपीठांवरून सांगत आलो. त्याबद्दल शाल-नारळही स्वीकारले. घरात खरं बोलायची वेळ आली, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नव्हता.

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीच्या आमच्या घरापुढे, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची जुनी फियाट असायची. तिला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही. इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचे — पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण त्या स्क्रूवर ठरतं — आणि आवाज मनासारखा लागला की म्हणायचे, "हां, आता बोलतेय." देवघरातही त्यांचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नाही.

मग त्यांची नजर अधू झाली. ते मान्य करत नव्हते. भाट्याच्या पुलाकडे जाताना कडेने चालणारी एक बाई त्यांना दिसलीच नाही. मी शेजारून स्टिअरिंग ओढलं म्हणून ती वाचली. अण्णा म्हणाले, "रस्त्याच्या मधून चालतात ही माणसं." ती मधून चालत नव्हती.

एक वाक्य बोलायचं होतं — अण्णा, आता गाडी चालवू नका. किती अवघड असतं ते? निर्भयतेवर मी जिल्ह्यातल्या बहुतेक वाचनालयांत बोललो आहे. पण अण्णांपुढे उभा राहिलो की — असो.

त्याच सुमारास त्यांनी मुंबईहून कार्बोरेटरचे नवे भाग मागवले: जेट, सुई, गॅस्केटं. खपून बसवले. गाडी सुरेख चालली. दुपारी ते आडवे झाले, आणि मी शेडमध्ये जाऊन तो स्क्रू थोडा आत पिळला.

संध्याकाळी गाडी फाटकापाशीच बंद पडली.

त्यांनी पुन्हा जुळवलं. मी पुन्हा बिघडवलं. असं कितीदा? मोजलं नाही. मोजलं असतं तर थांबावं लागलं असतं, नाही का? आधी त्यांनी नव्या मालाला शिव्या घातल्या. दुसरा संच मागवला, तोही बसवला. मग शिव्या थांबल्या. इंजिनावर वाकून नुसते ऐकत राहायचे — प्रश्नच न कळलेल्या मुलासारखे. शेजारचे बापूकाका कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाले, "अण्णा, पुढे बैल जुंपा आता. गवत खाईल, पण देवरूखपर्यंत नेईल." एरवी अण्णांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी म्हणाले, "जुंपायला हवा खरा."

नंतर मला म्हणाले, "कान गेला रे माझा."

इथे तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, डॉक्टरांना दाखवू या — आणि खरोखर दाखवलं. रिक्षात बसवून घेऊन गेलो. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं. वयाच्या मानाने कान उत्तम आहे म्हणाले. मला हायसं वाटलं — कशाबद्दल, कोण जाणे. घरापाशी उतरताना अण्णा म्हणाले, "कान बरा आहे. म्हणजे डोकं गेलं."

त्यांनी एकदा शेवटची जुळवणी केली आणि गाडी चालवून न बघताच किल्ली माझ्या हातात दिली. तेवढ्यावर थांबलं असतं तर — पण त्यांनी स्वतःवर विसंबणंच सोडलं. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, आज वार कुठला — सगळं मला विचारायचे. उत्तर त्यांना माहीत असायचं. तरी विचारायचे, आणि मी सांगेन ते धरून चालायचे. माझ्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तो तसाच ठेवून ते गेले.

रस्त्यावरचं कोणी माझ्यामुळे वाचलं असेल. पण त्या एका वाक्यानेही ते वाचलं असतं.

पुढे गाडी विकायला काढली. चिपळूणहून एक गृहस्थ आले. मध्येच बंद पडते का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. बॅटरी तेवढी बदलली. स्क्रू अण्णांनी लावला होता तसाच होता. ते गृहस्थ गाडी चालवत चिपळूणला गेले. वाटेत ती कुठेही बंद पडली नाही.