हुतुतूच्या मास्तरांचं पिठलं

चिखलीच्या आमच्या शाळेने हुतुतूच्या वीस वर्षं जुन्या मास्तरांना काढलं, ते बरोबरच केलं, हे मी आजही भांडून सांगेन. सामन्याआधी पोरांना पोटभर पिठलं-भाकर चारणारा माणूस तो! नांदुऱ्याची पोरं उपाशीपोटी लांब दम धरायची, आमचा दम पहिल्याच ढेकराबरोबर सुटायचा. दरवर्षी हरलो.

नागपूरहून आणलेल्या नव्या मास्तरांनी आम्हाला सकाळपासून उपाशी ठेवलं आणि आम्ही ढाल जिंकली. ती घेऊन आम्ही नालायक थेट गेलो कुठे, तर म्हाताऱ्याच्या घरी.

त्याने ढालीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उपाशीच खेळले काय बे? बसा, आंधी जेवा."

चुलीवर पिठलं होतं. अख्ख्या संघाला पुरेल एवढं.