मातामायची भिंत

त्या अश्विनात मी मातामायशी बोलणं टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, रागच होता. लग्न होऊन अड्याळजवळच्या या गावात आले तेव्हापासून तळ्याच्या पाळीवरच्या तिच्या देवळातला एक मंगळवार चुकवला नाही, आणि तिनं काय दिलं? उजव्या स्तनात गाठ. नागपूरला ऑपरेशन झालं, स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. टाके निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी भिंतीला बोटं टेकवून हात हळूहळू वर न्यायचा व्यायाम दाखवला. म्हणाल्या, "दिवाळीनंतर किरणांचा उपचार आहे. त्या मशीनखाली हात डोक्यावर घेऊन निजावं लागतं. हात वर गेला नाही तर उपचार अडेल."

घरी आले आणि सासूबाईंनी माझा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधला. "हालवू नको वो माय, टाके उसवतीन." टाके केव्हाच निघाले होते, पण मलाही आतून भीती होती, म्हणून बांधू दिला. पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही बिचारीनं. सगळं मायेनंच केलं, आणि माझा खांदा आखडून गेला. एक दिवस पट्टी सोडून पाहिलं तर हात छातीच्या वर जाईना. दिवाळी अठरा दिवसांवर, पदरात दोन लेकरं. मी पार हबकले.

घरचे धानाच्या बांधीत गेले की दुपारी मी पाळीवर जाऊन बसायची. देवळाकडे पाठ करून, बरं का! अंगात औषधांची गुंगी असायची, तळ्यावरचं ऊन डोळ्यांत विरघळायचं, जागी आहे की झोपेत तेही कळायचं नाही. अशाच एका दुपारी ओल्या पांढऱ्या मातीचा वास आला. वळून पाहिलं तर कमरेत वाकलेली एक अनोळखी म्हातारी देवळाची भिंत पोतारत होती. दिवाळीच्या आधी आमच्याकडे घरं-देवळं अशीच पांढऱ्या मातीत फडकं बुडवून पोतारतात.

"काहून बसून राहिली वो? मले वरतं पुरत नाही. तू उंच हायेस, लाव हात."

"आजी, माया हात वर जात नाही."

"वर कोन म्हनते? जाते तिथवर तं ने."

मी पट्टी सोडली. फडकं भिंतीला टेकवलं आणि हळूहळू वर सरकवलं. छातीपाशी कळ आली. "दुखते तं थांब," ती म्हणाली. "उद्या चार बोटं अजून."

दुसऱ्या दिवशी ती होतीच. तिसऱ्या दिवशीही. ती खालचं पोतारायची, मी वरचं. फारसं बोलणं नाही. फडक्याचा ओला आवाज, भिंतीवर वाळत जाणारी पांढरी रेघ, आणि ती रेघ रोज थोडी वर. माझ्या खांद्याला आली, मग हनुवटीला, मग कपाळाला. त्या दुपारी आठवल्या की अजूनही स्वप्नच वाटतं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. दिवाळीच्या दोन दिवस आधी माझा हात छपराच्या वाशाला लागला. मी हरखून "आजी!" म्हणत वळले, तर तिथं नुसता मातीचा डबा होता. नंतर कोणी म्हणालं, पवनीकडची पाहुणी असेल. असेलही. मी फार चौकशी केली नाही.

नागपूरला मशीनच्या खोलीत खूप गार होतं. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, हात डोक्यावर घ्या." घेतला. "दुखतंय का?" मी 'नाही' म्हणून मान हलवली, पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या बंद खोलीत मला ओल्या मातीचा वास आला, देवाशप्पथ.

मातामायला शरण जायचं म्हणजे आपण बसून राहायचं आणि तिनं उचलायचं, असं मी समजत होते. तिनं मला उचललं नाही, काम सांगितलं. तिचे उपकार कसे फेडू?

आता दर अश्विनात ती भिंत मी पोतारते, उजव्याच हातानं. खालची सगळी करते, वरची मात्र दिवाळी तोंडावर येईपर्यंत कोरडी ठेवते. सासूबाई चिडतात, "अर्धीच काहून ठेवली वो?" मी हसते आणि पाळीकडे बघते. कोणी हात बांधून बसलेली दिसलीच, तर तिला सांगायला काम नको का?