वरच्या मजल्यावरची धूळ

उत्तरेकडच्या आमच्या शहरात, महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरात वर राहणारी बाई दिवसभर संगणकावर दूरच्या आकाशगंगांमधली धूळ अभ्यासते. स्वतःच्या टेबलावरची मात्र पुसत नाही. बोलता बोलता थांबून ओढणीने चष्मा पुसते. उत्तर येत नसलं तर "मालूम नहीं" म्हणून मोकळी होते. माझ्या दहा वर्षांच्या नातीलाही 'आप' म्हणते. नात शाळेतून आली की थेट वर. माझ्याशी बोलायला तिला वेळ नाही. ती बाई माझ्या डोळ्यांत खुपायची.

एकदा नातीला आणायला गेले आणि फटकन बोलले, "पहले अपनी धूल तो झाड़िए!"

"बैठिए, माताजी," ती हसून म्हणाली. चित्रातला एक काळा डाग दाखवला. तो धुळीचा ढग, त्याच्या आत तारे जन्मतात. त्यांचा उजेड धूळ अडवते, पण त्यानेच तापते, आणि ती ऊब दुर्बिणीला कळते. "समझीं आप?"

चौथी शिकलेल्या मला असं कुणी विचारलं नव्हतं. समजलं होतं.

नात कुरकुरली, "आजी, अब तुम जाओ ना, ये मेरा टाइम है."

आता मला नातीचाच हेवा वाटला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी वर गेले.