डाळिंबांच्या जागी मंगल कार्यालय

मंडळी, दुपारपासून एकाच गोष्टीचं नवल वाटतंय.

मी बारामतीत वेबसाइट्स बनवतो. आज शेळगावच्या तात्यांच्या डाळिंबांची साइट सुरू केली आणि लगेच त्यांचा फोन आला. "आरं, व्यापारी आत्ता बघणार हाय, आन् हितं कुणाचं तरी मंगल कार्यालय दिसतंय! माझी डाळिंबं कुठं हायती?"

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट्स एकाच सर्व्हरवर आहेत, पत्ता एकच. उघडणाऱ्याचा फोन त्याला हव्या त्या साइटचं नाव सांगतो. सर्व्हर सगळी नावं एकेक करून चाळत बसत नाही, नावावरूनच जागा काढतो आणि थेट तिथं पोचतो. साइट्स दहा असोत की हजार, पापणी लवायच्या आत! तात्यांच्या साइटचं नाव मी सर्व्हरवर टाकायलाच विसरलो होतो, म्हणून त्यानं यादीतली पहिली साइट दाखवली, ती एका मंगल कार्यालयाची.

नाव टाकलं, डाळिंबं झळकली, व्यापाऱ्यानं पाहिलीही. मग तात्यांना हे सगळं समजावलं.

ते म्हणाले, "म्हंजी वळख न्हाय पटली, तरी पाव्हण्याला माघारी न्हाय धाडलं. पयल्या घरात तरी बसवलं."

इतकी वर्षं हे काम करतोय, पण त्या मशीनमध्ये मला कधी गाव दिसलं नव्हतं. तुम्हाला दिसलंय का कधी, तुमच्या रोजच्या कामात?